मासेमारी नौकेवरील सोनार : ट्रान्सड्यूसरची निवड आणि जोडणी



उरणच्या मोरा-करंज्यापासून श्रीवर्धन तालुक्यातील बागमांडल्यापर्यंत पसरलेला रायगडचा किनारा हा पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणाऱ्या माणसांचा किनारा आहे. १९८१ पूर्वी हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे. त्या काळातील, आणि त्याही आधीच्या काळातील, तांडेलापाशी पाण्याची खोली मोजण्याचे साधन एकच होते : टोकाला शिशाचे वजन बांधलेला दोर. दोर पाण्यात सोडावा, किती वाव गेला ते मोजावे आणि वर आलेल्या शिशाला चिकटलेला चिखल किंवा रेती पाहून खाली कोणता तळ आहे ते ओळखावे, ही विद्या अनुभवाने येत असे. एक वाव म्हणजे सहा फूट. तो हिशेब आजही किनाऱ्यावरच्या बोलण्यातून गेलेला नाही.

आज या दोराची जागा ध्वनीने घेतली आहे. इंजिन, बिनतारी संदेशयंत्र आणि उपग्रहाच्या साह्याने स्थान दाखविणारे यंत्र यांच्या जोडीला मासे शोधणारे यंत्र लहान नौकांवरही दिसू लागले आहे. तथापि यंत्र विकत घेताना बहुतेकांचे सारे लक्ष पडद्याकडे असते. पडदा केवढा, रंग किती, नकाशा आहे की नाही, याची चौकशी बारकाईने होते. नौकेच्या तळाशी बसणाऱ्या ट्रान्सड्यूसरविषयी मात्र फारसे कोणी विचारीत नाही. वस्तुतः पडदा केवळ सांगण्याचे काम करतो; पाहण्याचे आणि ऐकण्याचे काम पाण्याखालचा हा लहानसा घटक करतो. तो चुकीचा निवडला किंवा चुकीच्या जागी बसविला, तर महागातले महाग यंत्रही आंधळे ठरते. यास्तव या घटकाची निवड व जोडणी यांचा विचार नौकामालकाने स्वतः समजून उमजून करणे अगत्याचे आहे.

ध्वनी खोली कशी मोजतो?

विशिष्ट स्फटिकांवर दाब दिला असता वीज निर्माण होते, हा शोध १८८० मध्ये फ्रान्समधील क्युरी बंधूंनी लावला. याच्या उलट, अशा स्फटिकाला विजेचे स्पंद दिले असता तो कंप पावतो व ध्वनी निर्माण करतो. १९१२ मध्ये टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळून बुडाल्यावर पाण्याखालील अडथळे ध्वनीने शोधण्याच्या प्रयत्नांना वेग आला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पॉल लान्जव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने क्वार्ट्‌झ स्फटिकाचा उपयोग केला. पुढे हेच तंत्र मासेमारीकडे वळले. १९४८ मध्ये जपानमधील फुरुनो बंधूंनी मासे शोधणारे यंत्र व्यवहारात आणले आणि मासेमारीच्या इतिहासात एक नवे पर्व सुरू झाले.

ट्रान्सड्यूसर विजेचे रूपांतर ध्वनीत करतो, तो ध्वनी खाली सोडतो, तळावरून किंवा माशांच्या थव्यावरून परत आलेला प्रतिध्वनी टिपतो आणि त्याचे पुन्हा विजेत रूपांतर करून यंत्राकडे पाठवितो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी एका सेकंदात सुमारे १,५०० मीटर जातो. तळ ३० मीटर खोल असेल तर जाण्या-येण्याचे ६० मीटर अंतर तो सेकंदाच्या पंचविसाव्या भागात कापतो. या वेळावरून यंत्र खोली काढते.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. सरळ खाली ध्वनी सोडणाऱ्या यंत्रास प्रतिध्वनी-मापक म्हणतात. सभोवार आणि आडवा शोध घेणारे यंत्र हे खऱ्या अर्थाने सोनार होय. या दुसऱ्या प्रकारात ध्वनीचा घटक नळीतून तळाखाली उतरवावा लागतो. त्याचा खर्च व पसारा मोठ्या नौकांनाच पेलणारा आहे. किनाऱ्यावर बोलताना दोहोंनाही सोनार म्हटले जात असले, तरी रायगडच्या बहुसंख्य नौकांना लागणारे साधन पहिल्या प्रकारचे आहे. पुढील विवेचन मुख्यतः त्याविषयीच आहे.

प्रथम गरज, मग खरेदी

खरेदीपूर्वी नौकामालकाने स्वतःलाच एक प्रश्न विचारावा : आपली मासेमारी कोणत्या जाळ्याची? डोल जाळे एका जागी रोवलेले असते. भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी जाळ्यात आणतो. बोंबील, जवळा, कोळंबी यांसाठी डोल लावणाऱ्या नौकेला थवा शोधीत हिंडावयाचे नसते. तिला यंत्राचा उपयोग खोली, तळाचा प्रकार आणि खाडीतील सुरक्षित मार्ग कळण्यापुरता आहे. त्यासाठी साधे यंत्र पुरते. गळ टाकणाऱ्या किंवा तरंगती जाळी लावणाऱ्या नौकेला तळावरील खडक व माशांचे थवे यांची माहिती हवी असते. तळावरून जाळे ओढणाऱ्या नौकेला खडक आधी दिसला नाही तर जाळे फाटते आणि एका फेरीची कमाई जाते. गरज ओळखल्याने खर्च मर्यादेत राहतो. शेजारच्या नौकेवर आहे म्हणून आपल्याही नौकेवर हवे, हा खरेदीचा निकष होऊ शकत नाही.

कंपनसंख्या आणि ध्वनीचा झोत

ट्रान्सड्यूसर निवडताना पहिली बाब कंपनसंख्येची. प्रचारात मुख्यतः ५० आणि २०० किलोहर्ट्‌झ अशा दोन कंपनसंख्या आहेत. कमी कंपनसंख्येचा ध्वनी खोलवर जातो, पण बारकावे दाखवीत नाही. अधिक कंपनसंख्येचा ध्वनी लवकर क्षीण होतो. मात्र त्याची लहर आखूड असल्याने लहान लक्ष्य आणि तळालगतची मासळी तो वेगळी दाखवितो. पाण्यात २०० किलोहर्ट्‌झची लहर सुमारे साडेसात मिलिमीटर, तर ५० किलोहर्ट्‌झची सुमारे ३० मिलिमीटर लांबीची असते.

मुंबई-रायगडसमोरचा समुद्र हळूहळू खोल होत जातो. किनाऱ्यापासून बरेच दूर जाईपर्यंत पाणी उथळच असते. तेव्हा येथील लहान व मध्यम नौकांसाठी २०० किलोहर्ट्‌झ ही कंपनसंख्या प्रधान मानावी. दूरवर खोल पाण्यात जाणाऱ्या नौकेने दोन्ही कंपनसंख्यांवर चालणारा घटक घ्यावा. अलीकडच्या काही यंत्रांत एकाच स्पंदात कंपनसंख्या क्रमाने बदलत नेण्याची सोय असते. त्यामुळे जवळजवळचे मासे अधिक स्पष्ट सुटे दिसतात. मात्र अशा यंत्राला त्याच जातीचा ट्रान्सड्यूसर लागतो, हे विसरू नये. यंत्र आणि ट्रान्सड्यूसर यांची शक्ती व कंपनसंख्या परस्परांशी जुळलीच पाहिजे.

दुसरी बाब झोताच्या रुंदीची. विजेरीचा प्रकाश जसा पुढे पसरत जातो तसाच ध्वनीचा झोत खाली पसरतो. वीस मीटर पाण्यात १२ अंशांचा झोत तळावर सुमारे सव्वाचार मीटर व्यासाचे वर्तुळ पाहतो, तर ४५ अंशांचा झोत सुमारे साडेसोळा मीटरांचे. रुंद झोतात मासे अधिक सापडतात, पण ते नौकेच्या नेमके कोठे आहेत ते कळत नाही आणि खडकाच्या उताराजवळची मासळी तळातच मिसळून जाते. अरुंद झोत थोडे पाहतो, पण नेमके पाहतो. खडकाळ जागी अरुंद, मोकळ्या पाण्यात थवा शोधताना रुंद, असा सर्वसाधारण नियम सांगता येईल.

खाड्यांतून ये-जा करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. धरमतर, कुंडलिका, राजपुरी आणि सावित्रीच्या खाड्यांत गाळ मोठा असतो. ज्या ठिकाणी तळावर पातळ चिखलाचा थर साचतो, तेथे २०० किलोहर्ट्‌झचा ध्वनी त्या थराच्या पृष्ठावरूनच परततो, तर ५० किलोहर्ट्‌झचा ध्वनी तो भेदून खालच्या घट्ट तळापर्यंत पोहोचू शकतो. परिणामी एकाच जागी दोन निरनिराळ्या खोल्या दिसतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांतील कमी खोली हीच खरी मानून नौका चालवावी.

नौकेचा तळ आणि घटकाचे कवच

ट्रान्सड्यूसरचे कवच प्लॅस्टिकचे, काशाचे किंवा गंजरोधक पोलादाचे असते. कोणते घ्यावे हे नौकेच्या तळावर अवलंबून आहे. लाकडी नौकेस तळातून आरपार बसविण्यासाठी काशाचे कवच योग्य. लाकूड पाण्यात फुगते आणि त्या दाबाने प्लॅस्टिकची नळी तडकण्याचा धोका असतो. फायबरच्या नौकेस प्लॅस्टिक किंवा कासे दोन्ही चालते. पोलादी नौकेस मात्र काशाचे कवच कधीही लावू नये. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकत्र आले की विद्युत-रासायनिक क्रियेने पोलाद झिजू लागते आणि छिद्राभोवतीच तळ कमकुवत होतो.

तळाला छिद्र न पाडता आतल्या बाजूनेच घटक बसविण्याची एक पद्धत आहे. ती केवळ अखंड फायबरच्या तळाला लागू पडते. लाकडातून किंवा मध्ये फोमचा अथवा लाकडाचा थर असलेल्या फायबरमधून ध्वनी नीट जात नाही. ही जागा योग्य आहे की नाही ते आधी पडताळता येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून ती तळावर ठेवावी, त्यात घटक बुडवावा आणि दिसणारे चित्र नौकेच्या बाजूने पाण्यात घटक सोडून मिळालेल्या चित्राशी ताडून पाहावे. फरक थोडा असेल तरच तेथे तो कायमचा चिकटवावा.

लहान होड्यांना याहून सोपा मार्ग आहे. बाहेर लावलेल्या इंजिनाच्या होडीला मागच्या फळीवर, पंख्यापासून दूर, घटक बसविता येतो. किंवा नौकेच्या बाजूला मजबूत नळी बांधून तिच्या टोकाला घटक लावावा आणि बंदरात परतताना नळी वर घ्यावी. जी होडी दररोज वाळूवर ओढून घ्यावी लागते, तिच्यासाठी ही काढघालीची पद्धतच सर्वांत शहाणपणाची.

जागेची निवड

ध्वनीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हवा. पाण्यातून जाणारा ध्वनी बुडबुड्यांवर आदळला की तेथूनच परततो. म्हणून घटकाखालून वाहणारे पाणी शांत व बुडबुडेरहित असावयास हवे. नाळ लाटेवर उठून आपटते तेथे हवा तळाखाली घुसते. मागे पंख्याचा खळबळाट असतो. पाणी कापीत संथ चालणाऱ्या नेहमीच्या मासेमारी नौकेत पाणरेषेची लांबी मोजून, नाळेपासून सुमारे एक तृतीयांश अंतरावर, तळाच्या कण्यापासून थोडे बाजूला, ही जागा सामान्यतः उत्तम ठरते. मागून पाहता पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर उजवी बाजू पसंत करावी, कारण त्या बाजूस पंख्याचे पाते खाली जात असते. इंजिन थंड करण्यासाठी पाणी आत घेणारी किंवा बाहेर सोडणारी छिद्रे, फळ्यांचे उंच सांधे, खिळ्यांची डोकी अशा कोणत्याही अडथळ्याच्या थेट मागे घटक बसवू नये.

रायगडच्या किनाऱ्यावर याला आणखी एक अट जोडावी लागते. येथे उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटी यांतील पाण्याचा फरक चार मीटरांच्याही पुढे जातो. ओहोटीत अनेक नौका खाडीच्या चिखलावर टेकतात. पावसाळ्यापूर्वी त्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. नौका कोणत्या भागावर टेकते आणि ओढताना तिच्याखाली ओंडके कोठून सरकतात, हे तांडेलाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. यंत्र बसविणारा कारागीर शहरातून आलेला असेल, तर त्याने पुस्तकातील जागा दाखविण्यापूर्वी ही माहिती तांडेलाने त्यास द्यावी. एरव्ही पहिल्याच मोसमाच्या अखेरीस घटक चिरडलेला आढळेल.

प्रत्यक्ष जोडणी

हे काम नौका पाण्याबाहेर असतानाच करावयाचे असल्याने जून-जुलैमधील मासेमारी बंदीचा काळ त्यासाठी सोयीचा आहे. तळ दोन्ही बाजूंना उतरता असतो. घटकाचा चेहरा मात्र पाण्याच्या पृष्ठाशी समांतर हवा. तो १० अंशांनी कलला तर ३० मीटर पाण्यात झोताचा मध्य पाच मीटरांहून अधिक बाजूला जातो. यासाठी तळाच्या उताराप्रमाणे कापलेला ठोकळा घटकाभोवती बसवितात. ठोकळ्याची पुढची बाजू निमुळती व गुळगुळीत ठेवावी, म्हणजे पाणी न फुटता सरकते. उरलेला कापलेला भाग आतल्या बाजूस लावला की आतील नट सपाट बसतो.

छिद्र पाडण्यापूर्वी जागा आतून व बाहेरून दोनदा मोजावी. खालून फासळी, टाकी किंवा नळ जात नाही याची खात्री करावी. प्रथम बारीक छिद्र पाडून मगच ते मोठे करावे. लाकडाच्या कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद कराव्यात. सांध्यांत सागरी उपयोगाचाच सीलबंद करणारा मसाला भरावा. लाकडी तळावर नट सुरुवातीसच पराकाष्ठेने आवळू नये. नौका पाण्यात गेल्यावर लाकूड फुगते, त्यानंतर शेवटचा आवळ द्यावा. नौका पाण्यात उतरविताच सांधा तपासावा आणि निदान एक अहोरात्र तिच्यावर लक्ष ठेवावे. तळाला पाडलेले छिद्र ही थट्टेची बाब नाही. त्या सांध्यावर नौकेतील प्रत्येक खलाशाचा जीव अवलंबून असतो. म्हणून हे काम नौकाबांधणी जाणणाऱ्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे.

घटकापासून यंत्रापर्यंत जाणारी केबल ही सांगाड्यातील मज्जातंतूसारखी आहे. ती आखूड करण्यासाठी कापू नये; उरलेली केबल गुंडाळून बांधावी. इंजिनाच्या विजेच्या तारा आणि बिनतारी यंत्राच्या तारा यांपासून ती दूर न्यावी, नाहीतर पडद्यावर माशांऐवजी विजेचा गोंधळ दिसतो. यंत्राला बॅटरीपासून स्वतंत्र तार व योग्य क्षमतेचा फ्यूज द्यावा.

चाचणी व निगा

पहिल्या फेरीत इंजिन बंद असताना, संथ चालताना आणि पूर्ण वेगात असे तीन वेळा चित्र पाहावे. वेग वाढताच तळ तुटक दिसू लागला तर घटकाखाली हवा येत आहे असे समजावे. इंजिनाचे फेरे वाढताच ठिपके वाढले, तर दोष विजेचा किंवा कंपनाचा असण्याचा संभव आहे. दोराला शिसे बांधून मोजलेली खोली आणि यंत्राने दाखविलेली खोली यांचा एकदा ताळा करावा. येथे जुनी विद्या नव्या यंत्राची परीक्षक ठरते. घटक कण्याच्या तळापेक्षा ३० सेंटिमीटर वर असेल आणि यंत्र त्याच्याखाली एक मीटर पाणी दाखवीत असेल, तर कण्याखाली प्रत्यक्षात ७० सेंटिमीटरच पाणी असते. हा फरक यंत्रात नोंदवून ठेवावा. खांदेरी-उंदेरीभोवतालच्या खडकांजवळून किंवा खाडीच्या मुखाशी ओहोटीत नौका नेताना एवढा फरकही निर्णायक ठरतो.

घटकावर शेवाळ आणि कवचधारी जीव चढले की ध्वनी मंदावतो. मऊ फडक्याने किंवा लाकडी पातीने ते अलगद काढावेत. पटाशी चालवू नये. शेवाळरोधक रंग द्यावयाचा झाल्यास तो पाण्यात मिसळणारा आणि पातळ असावा. तीव्र द्रावक असलेले रंग प्लॅस्टिकचा चेहरा खाऊन टाकतात. नौका किनाऱ्यावर असताना यंत्र चालू ठेवू नये.

यंत्र काय दाखविते आणि काय दाखवीत नाही

ध्वनीला माशाच्या मांसापेक्षा त्याच्या पोटातील हवेची पिशवी, म्हणजेच भोत, अधिक स्पष्ट दिसते. म्हणून घोळीसारखा भोत असलेला मासा ठळक उमटतो. सुरमई, मुशी, पाकट आणि माकूळ यांना भोत नसल्याने त्यांची खूण फिकी असते. पडद्यावर काही दिसले नाही म्हणजे पाण्यात काही नाही, असा निष्कर्ष काढू नये. कठीण तळाचा प्रतिध्वनी जोरदार असतो, कधी कधी दुप्पट खोलीवर त्याची दुसरी प्रतही उमटते. चिखलाचा तळ मंद दिसतो. ही अक्षरे वाचावयास एक मोसम जातो. कोणत्या चित्राच्या वेळी जाळ्यात काय आले, याची वहीत नोंद ठेवणारा तांडेल ती लवकर शिकतो.

आणखी एका गोष्टीचे भान ठेवणे अगत्याचे आहे. मासा शोधण्याचे सामर्थ्य वाढले म्हणून समुद्रातील मासा वाढत नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, तर २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरविले. लहान पिल्लांचा थवा दिसला असता जाळे न टाकता पुढे जाणे, हाही या यंत्राचा एक उपयोग आहे. आणि दूरच्या हिशेबाने पाहता तोच सर्वांत फायद्याचा आहे.

एकट्या नौकामालकाला ही सारी माहिती जमविणे कठीण वाटेल. पण हाच विषय मच्छीमार सहकारी संस्थेच्या बैठकीत घेतला, गावातील जाणत्या सुताराला आणि वीजकाम जाणणाऱ्या तरुणाला जोडीने बसविले, तर प्रत्येक बंदरात हे कौशल्य रुजू शकते. मत्स्यव्यवसाय विभागाच्या अलिबाग येथील प्रशिक्षण केंद्रात नौकानयन व सागरी इंजिनाचे शिक्षण घेतलेल्या युवकांनी याबाबत पुढाकार घ्यावा. एका गावात एक घटक योग्य जागी बसला आणि त्याचे चित्र सर्वांनी पाहिले, तर दुसऱ्या नौकेवर चूक होण्याचे कारण उरणार नाही.

डिझेल महाग आहे आणि समुद्रावरील प्रत्येक तास मोलाचा आहे. अशा वेळी यंत्रावर खर्च होणारा पैसा पडद्याच्या झगमगाटावर न जाता पाण्याखालील डोळ्यावर जावा, तो डोळा आपल्या नौकेला, आपल्या पाण्याला आणि आपल्या जाळ्याला साजेसा असावा, आणि तो बसविताना नौकेच्या सुरक्षिततेशी तडजोड होऊ नये. एवढे पथ्य पाळले, तर नारळी पौर्णिमेनंतर समुद्रावर जाणारी प्रत्येक नौका अधिक डोळसपणे जाईल आणि सुखरूप परत येईल.